स्मरणचित्राच्या दोन मित्या : घोडबंदरची एक तसबीर आणि अजिंठ्याचा रॉबर्ट गिल

१

आमच्याकडील ऐतिहासिक साधनांत कागदाला जे स्थान मिळाले आहे ते छायाचित्राला अद्यापि मिळालेले नाही. जुन्या घराण्यात दप्तर पाहावयास गेलेला संशोधक सनदेचा कागद उजेडात धरून पाहतो, शिक्क्याची अक्षरे लावतो, मिती आणि वार यांचा मेळ बसतो की नाही हे जंत्रीवरून ताडून घेतो. परंतु त्याच माजघराच्या भिंतीवर, चंदनाच्या हाराखाली, त्याच घराण्यातील मृत माणसाची जी तसबीर टांगलेली असते, तिच्याकडे तो यजमानाचा मान राखण्यापुरतीच दृष्टी टाकतो. तसबीर ही शोकाची वस्तू, साधन नव्हे, असा समज यामागे आहे. शोकाच्या वस्तूस प्रश्न विचारणे अनुचित वाटते, आणि म्हणून तिच्याविषयी घरात जे सांगितले जाते तेच खरे मानून आपण पुढे जातो.

हा समज सोडावा असे आम्हांस एका घरच्या प्रसंगाने वाटू लागले. प्रिय माणसाच्या वियोगातून जी चित्रे जपली जातात, त्यांस एक मिती नसून दोन असतात. पहिली, चित्र घेतले तो दिवस. दुसरी, ते चित्र स्मरणाचे झाले तो दिवस. या दोहोंमध्ये कधी महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर असते. सांगणारा मनुष्य बहुधा दुसरी मितीच पहिली म्हणून सांगतो. त्यात त्याचा खोटेपणा नसतो. शोकाचा स्वभावच तसा आहे. परंतु इतिहास लिहिणाराने हे अंतर मोजले नाही तर चित्राचा आणि चित्र घेणाराचा, दोघांचाही इतिहास चुकतो. हा मुद्दा प्रथम आमच्या घरातील एका तसबिरीवरून मांडून, मग अजिंठ्याच्या मेजर रॉबर्ट गिलविषयी महाराष्ट्रात जी कथा रूढ झाली आहे तिच्यावर तो लावून पाहण्याचा विचार आहे.

२

घोडबंदर हे ठाण्याच्या वायव्येस, वसईच्या खाडीच्या दक्षिण काठी वसलेले आहे. अरबी घोडे येथे उतरत, त्यावरून हे नाव पडले असे सामान्यतः सांगतात. येथील किल्ला पोर्तुगिजांचा. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने त्यावर चाल केली ती पोर्तुगिजांनी परतविली. पुढे १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला. ठाण्याच्या माजिवड्यापासून कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, गायमुख अशी गावे घेत जो रस्ता येथवर येतो त्यासच घोडबंदर रोड म्हणतात. आज या रस्त्याच्या दोन्ही अंगांस उंच इमारती उभ्या आहेत, मेट्रोचे खांब आहेत, आणि पूर्वीची भातखाचरे कोठे होती हे सांगावयास गावातील वृद्ध मनुष्यच पाहिजे.

आमचे आजोबा मिठाच्या खात्यात कारकून होते आणि काही वर्षे त्यांचे बिऱ्हाड याच रस्त्यावरील एका गावी होते. त्या काळची, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांपूर्वीची, एक तसबीर आमच्या घरी आहे. नऊ वर्षांचा एक मुलगा, टोपी व बंद गळ्याचा कोट घालून, खाडीकाठी एका दगडावर बसला आहे. त्याच्या एका अंगास किल्ल्याच्या तटाचा भाग, मागे साष्टीचे डोंगर, दुसऱ्या अंगास मिठाच्या राशी आणि पाण्यावर शीड उभारलेले एक गलबत. हा मुलगा आमच्या वडिलांचा थोरला भाऊ. त्याच वर्षीच्या श्रावणात तो विषमज्वराने गेला. तसबीर हाताने रंगविलेली आहे. गालांवर गुलाबी छटा आहे, कोट हिरवा आहे.

आमच्या आजीने ही तसबीर आपल्या मृत्यूपर्यंत देवघराच्या शेजारच्या भिंतीवर ठेविली. तिच्याविषयी ती दोन गोष्टी नेहमी सांगे. एक अशी की, ही तसबीर श्रावणातली, मुलगा जाण्याच्या आधी आठच दिवसांची. दुसरी अशी की, कोटाचा रंग चुकला आहे. "कोट निळा होता रे, त्या मेल्याने हिरवा केला," असे ती म्हणे. घरातील आम्ही सर्व पहिली गोष्ट निःशंकपणे मानीत असू आणि दुसरीस म्हातारपणाची कुरकुर समजत असू. पुढे तपास केल्यावर जे आढळले ते याच्या नेमके उलट होते.

३

जुने घर मोडून नव्या इमारतीत जाण्याची वेळ आली तेव्हा माळ्यावरची एक पेटी रद्दीवाल्यास देण्यासाठी खाली काढली. तीत आजोबांची रोजखर्चाची वही निघाली. वहीत वैशाखाच्या पानावर फोटोवाल्यास दोन रुपये दिल्याची नोंद आहे. तीच्याखाली बारीक अक्षरांत असे आहे की, साहेबाच्या तसबिरी काढावयास ठाण्याहून आलेल्या मनुष्याकडे एक काच उरली होती, तीवर मुलाची तसबीर घेतली. पुढे भाद्रपदाच्या पानावर दुसरी नोंद आहे : फोटो मोठा करणे, रंगविणे व चौकट. ही रक्कम पहिलीच्या तिपटीहून अधिक आहे.

नोंद हाती आल्यावर तसबीर पुन्हा पाहिली, आणि जे इतकी वर्षे डोळ्यांसमोर होते ते दिसू लागले. मागील डोंगरावरील सागाची झाडे निष्पर्ण आहेत. श्रावणात सागाची पाने हातभर रुंद असतात. मिठाच्या राशी उघड्या आहेत; पावसाळ्यापूर्वी त्या गवताने शाकारून टाकतात. गलबताचे शीड उभारलेले आहे. श्रावणात गलबते काठावर ओढून झाकलेली असतात. तसबीर वैशाखातील आहे याविषयी, वही नसती तरीही, शंका राहिली नसती. आम्ही मुलाचा चेहरा पाहत होतो, म्हणून डोंगर पाहिला नाही.

मग आजीची आठवण खोटी होती काय? तसे आम्हांस वाटत नाही. वैशाखात घेतलेली तसबीर ही तिच्या दृष्टीने एक उरलेली काच होती. ती घरात मोठी होऊन, रंगून, चौकटीत बसून आली ती भाद्रपदात, मुलगा गेल्यानंतर. त्या दिवसापासून ती तसबीर तिची झाली. पुढे अनेक वर्षांच्या आठवणीत तिने त्या तसबिरीस मृत्यूच्या शक्य तितके जवळ आणून बसविले. सुमारे तीन महिन्यांचे अंतर आठ दिवसांवर आले. यास आम्ही शोकाचा कालक्रम म्हणतो, आणि तो जंत्रीच्या कालक्रमाहून निराळा असला तरी निरर्थक नसतो. या तसबिरीची पहिली मिती वैशाखातील व दुसरी भाद्रपदातील आहे. श्रावणातील मिती कोठेच नाही, आणि तरीही सर्व घराने तीच खरी मानिली होती.

४

येथे एक आक्षेप संभवतो. मृताचे स्मारक करण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. मग छायाचित्रातच हा घोटाळा का व्हावा? याचे उत्तर जुन्या स्मारकांच्या रचनेत आहे.

घोडबंदराच्या मागील याच डोंगराच्या पलीकडील अंगास, बोरिवलीजवळ एकसर येथे, शिलाहारकालीन सहा वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर वल्ही मारीत चाललेल्या गलबतांच्या रांगा कोरलेल्या असून आरमारी युद्धाचा इतका स्पष्ट देखावा अन्य वीरगळांवर क्वचितच आढळतो. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत युद्ध, तीवर वीराचे पतन, तीवर अप्सरांनी त्यास नेणे, सर्वांवर शिवलिंगाची पूजा. म्हणजे घटनांचा क्रम शिल्पकारानेच दगडात बांधून दिलेला असतो. शिवाय वीरगळ मृत्यूनंतरच घडविला जातो. त्यास एकच मिती. घराण्यातील वीर व पूर्वज यांचे जे टाक देवघरात पुजले जातात त्यांचेही तसेच. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली ती आकृती मृत माणसाचीच म्हणून जन्मास येते. तिने कधी जिवंतपणा पाहिलेला नसतो.

छायाचित्राचे तसे नाही. ते जिवंत माणसाचे घेतलेले असते, एकाच क्षणाचे असते, आणि आधी काय झाले, नंतर काय झाले, हे त्यात कोठेही कोरलेले नसते. तो क्रम पाहणाराने आपल्या मनातून पुरवावयाचा असतो. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

५

ही कला आमच्याकडे फार लवकर आली. दागेर याची कृती पॅरिसमध्ये १८३९ मध्ये जाहीर झाली. मुंबईत छायाचित्रणाची सभा १८५४ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची नावे येतात. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्गही निघाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पहिल्या पिढीतील एतद्देशीय छायाचित्रकार त्यातूनच तयार झाले. ज्या भाऊ दाजींनी अजिंठ्याचे कोरीव लेख वाचून प्रसिद्ध केले तेच छायाचित्रणाच्या सभेतही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुराणवस्तूंचा अभ्यास आणि कॅमेरा ही दोन्ही या प्रांतात जवळजवळ जुळ्या भावंडांसारखी वाढली. ज्या काळात ती वाढत होती त्याच काळात अजिंठ्यास एक लष्करी अधिकारी कॅमेरा घेऊन उभा होता.

६

मेजर रॉबर्ट गिल याचा जन्म १८०४ मधील. तो मद्रासच्या फौजेतील अधिकारी. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या शिकारीस निघालेल्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यातील स्तंभावर आपले नाव व मिती खरडून ठेविली, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यानंतर वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, जेम्स फर्ग्युसन तेथे गेला, आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने या भिंतिचित्रांचा नाश होत असल्याचे सांगून त्यांच्या नकला करवून घेण्याची निकड मांडली. त्यावरून कंपनीच्या संचालकांनी १८४४ मध्ये जी आज्ञा दिली तीनुसार गिलची नेमणूक झाली. तो अजिंठा गावच्या बारादरीत राहू लागला आणि मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत भिंतिचित्रांच्या नकला करू लागला. हे काम १८६३ पर्यंत, म्हणजे दोन तपांस थोडीच वर्षे कमी, चालले.

याच गावी पारो हिची समाधी आहे. तीवरील इंग्रजी लेखात तिचे नाव, ती गिलला प्रिय असल्याचा उल्लेख, आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची मिती आहे. पारो ही लेण्यांजवळील लेणापूर गावची असे लोक सांगतात. त्या काळात इंग्रज अधिकाऱ्याने एतद्देशीय स्त्रीविषयीचा जिव्हाळा असा उघड्या दगडावर कोरून ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि म्हणूनच त्या लहानशा लेखाने लोकांच्या मनाची पकड घेतली. ना. धों. महानोर यांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, त्यावरून २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट निघाला, आणि गिल व पारो ही जोडी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली.

या लोकप्रियतेबरोबर एक कथाही तोंडोतोंडी फिरू लागली. तिचे स्वरूप सामान्यतः असे : पारो गेली, गिलचे मन मोडले, त्याने कुंचला टाकला, पुढे लंडनमध्ये त्याची चित्रे जळाली, तेव्हा सर्वस्व गमावलेल्या या मनुष्याने कॅमेरा हाती घेतला, आणि शेवटी तो त्याच दुःखात संपला. कथा मन हेलावून सोडणारी आहे. तिच्यातील प्रत्येक दुःख खरे आहे. चुकला आहे तो त्यांचा क्रम.

७

आता मित्या ओळीने मांडू.

पारोचा मृत्यू मे १८५६ मधील. गिलने छायाचित्रणास आरंभ केला तोही १८५६ च्याच सुमारास. नकलांचे काम १८६३ पर्यंत चालू होते. म्हणजे पारोच्या मृत्यूनंतर सात वर्षे कुंचला त्याच्या हातीच होता. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ फर्ग्युसनच्या विवेचनासह लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी कोरीव लेण्यांवरील ग्रंथात ७४ छायाचित्रे आहेत, आणि दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व निसर्ग यांची शंभर दुहेरी चित्रे, जी विशिष्ट भिंगातून पाहिली असता एकच उठावदार देखावा दिसतो. सिडनहॅम येथील स्फटिकमहालाच्या उत्तर भागास आग लागली ती ३० डिसेंबर १८६६ रोजी. तेथे मांडलेल्या गिलच्या नकलांपैकी बहुतेक सर्व तीत भस्म झाल्या, थोड्या तेवढ्या वाचल्या. त्यानंतरही गिल थांबला नाही. १८६८ च्या पुढे त्याने लोणार व अन्य ठिकाणच्या देवळांची छायाचित्रे घेतली. त्याचा मृत्यू एप्रिल १८७९ मध्ये झाला आणि त्याचे दफन भुसावळ येथे आहे.

यावरून काय निघते? पारोच्या मृत्यूमुळे त्याने कुंचला टाकिला नाही. चित्रे जळाली म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला नाही. कॅमेरा आगीच्या सुमारे दहा वर्षे आधीपासून त्याजजवळ होता, आणि त्याचे ग्रंथ आगीच्या आधी दोन वर्षे छापून झाले होते. पारोनंतर तो तेवीस वर्षे जगला आणि त्यांतील बराच काळ कामात होता. पारोचा मृत्यू व कॅमेऱ्याचा आरंभ हे एकाच वर्षाच्या सुमारास आले, हे खरे. परंतु दोन गोष्टी शेजारी आल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कालक्रमाच्या शास्त्रातील हा पहिला धडा, आणि शोक नेमका तोच विसरावयास लावतो.

तथापि, कथा रचणारा समाज येथे केवळ अज्ञानाने चुकला असे आम्हांस वाटत नाही. आमच्या आजीने जे केले तेच लोकांनी गिलच्या चित्रांविषयी केले. १८६६ पर्यंत गिलची छायाचित्रे ही दुय्यम वस्तू होती. खरे कार्य म्हणजे त्या मोठ्या रंगीत नकला, आणि छायाचित्रे ही त्यांची पुरवणी. नकला जळाल्या त्या दिवशी पुरवणी हीच मूळ ठेव झाली. ज्या काचा सहज, कामाच्या ओघात घेतल्या होत्या त्यांचे मोल एका रात्रीत पालटले. ही त्या चित्रांची दुसरी मिती. कथेने दुसऱ्या मितीस पहिली मिती मानले, आणि कॅमेरा आगीच्या नंतर आणून ठेविला. घोडबंदरच्या तसबिरीस श्रावणात आणून बसविणारी दृष्टी आणि ही दृष्टी एकच आहे.

८

आता या चित्रांत काय राहिले आणि काय राहिले नाही, हेही पाहिले पाहिजे. कारण वियोगाच्या चित्राची खरी परीक्षा तेथे होते.

गिलच्या काळी जी ओल्या काचेची कृती रूढ होती ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतावयाचे, ती रुपेरी क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, आणि सुकण्यापूर्वी अंधारात नेऊन चित्र उठवावयाचे. सर्व खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. उन्हाळ्यात तेथे काच किती लवकर सुकत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. अंधाऱ्या गाभाऱ्यात चित्र उमटावयास जो वेळ लागे तितका वेळ काच ओली राहणे कठीण. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांत लेण्यांची दर्शनी अंगे, स्तंभ, वातायने, डोंगराची कड हे सर्व उत्तम उतरते, आणि आतील भिंती अंधारात राहतात.

याहून मोठी अडचण रंगाची. ओल्या काचेस निळा प्रकाश कळे, तांबडा व पिवळा कळत नसे. अजिंठ्याची भिंतिचित्रे प्रामुख्याने गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरा यांत रंगविलेली असून उत्तरकालीन लेण्यांत राजावर्ताचा निळा येतो. म्हणजे जो गेरू त्या चित्रांचा प्राण, तो काचेवर काळा होई; आणि दुर्मिळ असा निळा जवळजवळ पांढरा पडे. या दोषावर फोगेल या जर्मन शास्त्रज्ञास १८७३ मध्ये उपाय सापडला, पण तोही हिरव्यापिवळ्यापुरता. तांबडा रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यावयास विसावे शतक उजाडावे लागले.

म्हणून असे झाले की, अजिंठ्यातील जे झपाट्याने नाहीसे होत होते ते, म्हणजे रंग, कॅमेऱ्यास राखता आले नाही. आणि जे त्या मानाने टिकणारे होते ते, म्हणजे दगड, त्याने उत्कृष्ट राखले. गिलला दोन्ही हवे होते. रंगासाठी त्याने कापड वापरले ते जळाले. दगडासाठी काच वापरली ती राहिली. तरीही ही राहिलेली चित्रे व्यर्थ गेली असे नव्हे. निजामाच्या राज्यातील पुराणवस्तुखात्याने विसाव्या शतकात लेण्यांची दुरुस्ती केली, मोडके स्तंभ पुन्हा बांधले. त्यापूर्वीची स्थिती पाहावयाची तर गिलच्या काचांकडेच जावे लागते. ती चित्रे ज्या हेतूने आज मोलाची आहेत तो हेतू ती घेताना नव्हता.

रंगाची परंपरा पुढे इतरांनी चालविली. जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह नव्याने नकला केल्या, आणि दैवाची विटंबना अशी की त्यांतीलही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम आल्या, गुलाम याझदानी यांचे ग्रंथ झाले, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी अजिंठ्यावर लिहिले. एवढे होऊनही गिलचे नाव मागे पडले नाही, यास त्याच्या कामाइतकाच त्या समाधीवरील दोन ओळींचा आधार आहे. त्याच्या आयुष्यातील तीन वियोगांपैकी पारोचा मृत्यू, नकलांची राख आणि भिंतीवरील रंगांचे गळणे, यांतील पहिल्यास त्याने दगड दिला. छायाचित्राच्या काळात राहूनही प्रिय माणसासाठी त्याने वीरगळाचीच जुनी रीत धरली : मृत्यूनंतर घडविलेले, एकच मिती असलेले स्मारक. पारोच्या बाबतीत कालक्रमाचा घोटाळा होण्यास त्याने जागाच ठेविली नाही. घोटाळा आम्ही केला तो त्याच्या चित्रांविषयी.

९

दुःखातून कॅमेरा हाती येतो हा नियम मानण्याची घाई करू नये, याचे एक उलट उदाहरण आमच्याच मुलखातील आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकून गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून स्थायिक झाले. १९०० च्या सुमारास तेथे प्लेगच्या साथीत त्यांची प्रथम पत्नी व अपत्य ही दोन्ही गेली, आणि त्यांनी तो धंदा व ते गाव दोन्ही सोडले. गिलच्या कथेत लोकांनी शोकानंतर कॅमेरा हाती दिला. फाळक्यांच्या चरित्रात शोकानंतर तो हातून सुटला. पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' या बोलपटपूर्व चित्रपटाने त्यांनी जे केले ते सर्वज्ञात आहे. हरिश्चंद्राच्या कथेतही पुत्रशोक आहे म्हणून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह एखाद्यास होईल; परंतु मधली तेरा वर्षे रिकामी नव्हती, आणि ती ओलांडून असा पूल बांधावयास पुरावा हवा. कागदाविना मिती नाही, हे तत्त्व शोकाच्या बाबतीत अधिकच कसोशीने पाळावे लागते.

१०

घोडबंदरच्या तसबिरीकडे एकवार परत जाऊन हा लेख पुरा करू. आजीच्या दोन विधानांपैकी पहिले, श्रावणाचे, वहीने व सागाच्या झाडांनी खोटे ठरविले. दुसऱ्याचे काय? चौकट उघडून पाहता कडेला एक पट्टी अशी निघाली की जेथे रंगाऱ्याचा हात पोहोचला नव्हता. तेथे कोटाची बाही दिसते, आणि तिची मूळ छटा अगदी फिकट आहे, जवळजवळ शर्टाच्या कॉलरइतकी. त्या काळच्या साध्या काचेवर निळा रंग असाच फिकट उतरे, हे वर सांगितलेच आहे. एवढ्यावरून कोट निळाच होता असे सिद्ध होत नाही, कारण पांढराही तसाच उतरेल. परंतु रंगाऱ्याने मूळ कोट पाहिला नव्हता, आणि आजीने तो आपल्या हाताने मुलाच्या अंगात घातला होता. साक्षीदारांची तुलना करता कोणाचे म्हणणे घ्यावे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तिची मिती चुकली, रंग चुकला नाही. आम्ही उलट मानीत होतो, आणि ती असताना तिला तसे बोलूनही दाखवीत होतो, ही खंत आता वहीत नोंदविण्यापलीकडे उपाय नाही.

राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी लागलेली दप्तरे होती, आणि ती रद्दीत जात होती. आज त्याच मार्गाने तसबिरी जात आहेत. घोडबंदर रोडवर काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, जुनी घरे पाडून नव्या इमारती उठत असताना चौकटी पिंपळाच्या पारावर नेऊन ठेविल्या जातात किंवा खाडीत सोडल्या जातात. मृतांविषयीच्या आदरानेच हे होते, यात शंका नाही. परंतु त्या चौकटींत केवळ माणसे नाहीत. त्यांच्या पाठीमागे खाडी आहे, तट आहे, मिठाच्या राशी आहेत, आणि जे डोंगर आता इमारतींच्या आड गेले आहेत ते आहेत.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, अशी तसबीर हाती आल्यास तिच्या पाठीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहाव्या : ती कोठे व केव्हा घेतली, आणि घरात ती कोणाच्या जाण्यानंतर भिंतीवर चढली. दोन्ही मित्या ठाऊक नसतील तर जी ठाऊक असेल ती. आणि घरातील वृद्ध स्त्री एखाद्या रंगाविषयी तक्रार करीत असेल तर तीही लिहून ठेवावी. आमच्या तसबिरीच्या पाठीवर आम्ही आता असे लिहिले आहे : घेतली वैशाखात, घोडबंदर, खाडीकाठी, चौकट भाद्रपदात, कोट निळा.